सरजाबाईचा घास

३ मार्च १९८६, लातूर

नांदेडहून सकाळच्या एसटीने निघालो आणि दुपारी कामावर हजरही झालो. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, तरी कचेरीत अजून नव्या रंगाचा वास येतो आणि जुन्या फायलींवर उस्मानाबादचेच शिक्के आहेत. मला टंचाई शाखा दिली. पाऊस रुसलेला, त्यामुळे सगळा जिल्हा आमच्याच टेबलाभोवती टँकर मागत उभा असतो. कामाची मला भीती नाही. वर्षभर खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला गर्दीसुद्धा गोड लागते.

शेजारच्या टेबलावर मन्मथअप्पा आहेत. मी बोलत का नाही असं त्यांनी विचारलं, तेव्हा चिठ्ठीवर लिहून दिलं: घशाचा कॅन्सर होता, मुंबईला विजेचे शेक घेतले, आता बरा आहे, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली आहे. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि आपली खुर्ची माझ्या जवळ ओढून घेतली.

खोलीही त्यांनीच दाखवली. आपल्याच समाजाच्या वस्तीत, सरजाबाई नावाच्या विधवेच्या घरात. वय साठीचं असेल, पण दात सगळे शाबूत. रोजगार हमीवर खडी फोडायला जाते आणि नळावरून हाक मारली तर गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाते. पाहताक्षणी मला लिंबाजी म्हणायला लागली. मी तिला मनात मावशी म्हणतो. खिडकीत कडुलिंब आहे. जागा आवडली.

७ मार्च

शेक संपले तरी तोंडात थुंकी नाही. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते, ती पाण्याने सोडवावी लागते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना कातडी काळी पडली आहे, अगदी चौकोनी, कुणी पट्टीने आखून रंगवल्यासारखी. त्या चौकोनात दाढी येत नाही. चव तर नाहीच. भाकर आणि पुठ्ठा मला सारखेच.

टँकर एक दिवसाआड येतो. मावशीच्या वाट्याला दोन हंडे. त्यातला एक तिने माझ्या खोलीत आणून ठेवला. मी हातानेच नको म्हणालो. ती म्हणाली, "मी उंटावानी हाय बाबा. तुमी प्या." मी प्यालो. नको म्हणतानाही माझा दुसरा हात तांब्याकडे गेला होता.

जेवायला तिच्यासमोर बसतो. ती भाकर चुरून आंबिलीत भिजवून देते. आज घास अडकला, ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिने पाठ थोपटली, मग माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. तुमची बला मला लागू दे, म्हणाली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. देव छप्पन सालीच टाकलेले, पण बोटांची सवय गेली नाही. मला हसू आलं. बरंही वाटलं. चांगुणाची आठवण झाली. मुंबईच्या धर्मशाळेत माझ्या घशातला तारेसारखा कफ ती बोटाला फडकं गुंडाळून काढायची. कधी तोंड वाकडं केलं नाही बायकोनं.

१९ मार्च

आज आंबिलीत मीठ लागलं.

जिभेच्या टोकाला आधी काहीतरी चुरचुरलं. मला वाटलं फोड फुटला. मग कळलं की हे मीठ आहे. मी वाटी हातात धरून रडलो. मावशीला खुणेने सांगितलं. तिलाही डोळे पुसावे लागले. मग तिने आपली वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "मला कसं आळणी लागून राह्यलं?" वरून चिमूटभर मीठ घातलं. परत घातलं.

२ एप्रिल

दाढी करताना गळ्याच्या काळ्या चौकोनात खुंट लागले. कातडी उजळली आहे. थुंकीही येते. मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते की ती बहुधा परत यायची नाही, आलीच तर वर्षं लागतील. इतकं कसं लवकर झालं ते त्यांना विचारायला हवं.

मावशीचा घसा बसला आहे. खडीची धूळ, असं ती म्हणते. हल्ली सारखी पाणी पिते. माझा हंडा मी तिला परत दिला. ती नको म्हणाली, आणि माझ्यादेखत दोन तांबे प्याली.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीत गायलो. नांदेडला दरवर्षी माझंच गाणं असायचं; यंदा नुसतं मागून चालायचं ठरवून गेलो होतो. कुणीतरी ओळ अर्धी सोडली आणि ती माझ्या तोंडून पूर्ण झाली. मग थांबवेना. पोरांनी खांद्यावर घेतलं. मन्मथअप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरी आलो तर मावशी ओसरीवर बसलेली. जयंतीचा लाडू तिच्या हातात तसाच. गिळता येत नव्हता. पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतलेला.

१८ एप्रिल

मावशीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पदर बाजूला करायला सांगितला.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे चौकोन. कडा सरळ.

डॉक्टरांनी बोटाने कडा चाचपल्या. मग मला विचारलं, "यांना शेक कुठं दिले?" मी म्हणालो, कुठेच नाही. ते चिडले. आधीचे कागद लपवू नका म्हणाले. मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली की तिने उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती. डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं. ती नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही.

माझ्या गळ्याला उपरणं होतं. ते मी काढलं नाही.

२७ एप्रिल

रेणापूरकडच्या गावांत टँकर मोजायला गेलो होतो, आज परतलो. दुसऱ्याच दिवशी तिथे माझी थुंकी आटली. भाकर परत पुठ्ठा. आवाज फाटला. दोन गावांत लोक पाण्यासाठी भांडत होते आणि मी त्यांच्याकडेच तांब्या मागत होतो.

घरी आलो तर मावशी चुलीपुढे. चेहऱ्यावर तेज. म्हणाली, लई दिवसांनी अर्धी भाकर गेली पोटात. शेजारणीशी बोलली म्हणे, चांगलं खणखणीत.

मग माझं ताट वाढलं आणि समोर बसली. तिसऱ्या घासाला मला चव आली. तिने आपला चौथा घास ताटात परत ठेवला.

मला कळलं. हे असलं मी मानत नाही. पण कळलं.

२८ एप्रिल

मन्मथअप्पांकडून दुसरी खोली मिळवली. किल्ली खिशात आहे. संध्याकाळी वळकटी बांधली.

मावशीने येसराची आमटी केली होती. मला आवडायला लागली आहे म्हणून. वास आला. एवढं जेवून निघू म्हटलं.

जेवलो.

वळकटी परत सोडली.

३ मे

आज ताट खोलीत नेऊन एकटा बसलो. काही लागेना. उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. ती जेवत नाही, मी जेवतो ते बघते. तिच्या तोंडाला कोरड, ओठांना चिरा. मी दुसऱ्यांदा आमटी मागितली.

कचेरीत सगळे म्हणतात, लिंबाजीराव, गालावर मांस चढलं तुमच्या.

११ मे

आवाज गेला तिचा. बोटाने दाखवते.

आज मी जेवत असताना तिने हात पुढे केले. माझ्या तोंडावरून फिरवले. स्वतःच्या कानशिलाला लावले — हळू, फार हळू. तिला कळलं आहे. माहीत असून देते आहे. तिचा हात मी धरायला हवा होता. नुसता धरायचा होता.

बोटं मोडून होईपर्यंत मी थांबलो.

१७ मे

गेली. भर दुपारी. पाणी पाजलं ते आत गेलं नाही, तोंडाच्या कडेने उशीवर आलं.

दारात येऊन मी हाक मारली. नळावरच्या बाया धावत आल्या. आम्हाला वाटलं सरजाच बोलावती, म्हणाल्या. एक जण माझ्याकडे बघत मागे सरकली.

२० मे

तोंड सुकायला लागलं. परत.

मन्मथअप्पा सरकारी कामाने नांदेडला गेले होते. चांगुणाला भेटून आले. तुझा नवरा गातो, असं हसत हसत सांगितलं त्यांनी — पौर्णिमेच्या सुट्टीला ती येणार —

तार केली. येऊ नको. एवढंच.

२२ मे

चव नाही. भाकर टाकून दिली. सरजाबाईच्या रिकाम्या पाटासमोर ताट घेऊन बसलो होतो. काय करून राहिलो मी.

चांगुणा आली तर — नाही. मी दार उघडणार नाही.

२३ मे, दुपार

आली.

तार मिळाली म्हणूनच आले, म्हणते. जीव राहवेना.

कडी लावली आहे. आतून सगळं सांगितलं — सरजाबाईचं, काळ्या चौकोनांचं, किल्ली खिशात असून राहिलो ते. ऐकत होती. मग म्हणाली, "किती मोकळा आवाज झाला हो तुमचा." आणि रडायला लागली. डोक्यात ऊन गेलंय तुमच्या, म्हणते.

जा म्हणालो. जात नाही. उन्हात उंबऱ्यावर बसली. डबा उघडला तिने. धपाटे आणलेत — वास —

तोंडाला पाणी सुटलं. माझ्या तोंडाला — दाराच्या आडून —

जा चांगुणा. जा ना.

लिहीत राहायचं. हात गुंतलेला राहिला म्हणजे —

ठसका लागला तिला. घास अडकला. पाणी मागते. वस्तीत कुणी नाही, सगळे टँकरवर. परत मागते, आवाज बसल्यासारखा —

पाणी तर द्यायलाच हवं. नुसता तांब्या बाहेर ठेवून लगेच दार —