मागच्या सीटवरचे स्क्रीन

भाऊ,

"पुढं?" स्टिअरिंगवर बोटानं ठेका धरून तुम्ही विचारायचात. मागच्या सीटवरून मी शाळेतली कविता म्हणत असे. कडवं संपलं की तुमचा हा आवाज यायचा. लोणावळ्यात प्रवासी फिरवून दमलेले तुम्ही मला घेऊन वडिवळ्याला परतायचात. निघताना आई मला बजावायची, "बापाला डुलकी लागू देऊ नगंस. तोंड चालू ठेव." मला मात्र वाटे, तुम्हाला कवितेचं वेड आहे.

आज मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झालोय, आणि माझ्या जुन्या गाडीत मागं बसणाऱ्या मुलांसाठी दोन स्क्रीन बसवून आणलेत. नातवंडं आजोळी पुण्याला गेलीत, दुपारी त्यांना आणायला जायचंय. आजोबांच्या गाडीत कंटाळा येतो, आजोबा सारख्या कविता म्हणतात, ही त्यांची तक्रार. तळेगावच्या फिटरनं सकाळीच पुढच्या सीटांच्या पाठीला पट्ट्या आवळल्या, वायर मॅटखालून नेली.

"आबा, गाडी लय म्हातारी. एवढ्या खटाटोपापरीस मोबाइल द्या की हातात."

"मान खाली घालून बघतात आन् मग ओकतात."

"मग ह्ये झ्याक! हेडफोन कानाला लावला की पोरं चिडीचूप. मागं हाईत का न्हाईत, कळायचं बी न्हाई तुमाला."

तो हसला. मी पैसे देऊन निघालो.

घरी येताना स्क्रीन चालूच राहिले. आरशात बघतो तर रिकाम्या सीटवर निळा उजेड हलतोय, आवाज कसलाच नाही. कामशेतच्या पुढे ते वळण आलं आणि मी पुन्हा नऊ वर्षांचा झालो. दुपार आहे. सकाळी प्रवाशांसमोर माझं एक कडवं गळलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मास्तरांनी पुस्तकातलं पानच फाडलं वाटतं!" सगळे हसले. म्हणून परतीला मी गाल फुगवून बसलोय. "पुढं?" तुम्ही विचारता. मी गप्प. थोड्या वेळानं, जड जिभेनं, "पुढं रं?" मी खिडकीबाहेर बघतो, शेतात एक बाई गवताचा भारा उचलतेय. तिसऱ्यांदा तुम्ही विचारत नाही. गाडी सावकाश, अगदी न दुखावता, रस्ता सोडते. समोर आंब्याचं झाड आहे.

मला कोपराला खरचटलं. तुम्ही गेलात. लोक आईला म्हणाले, पोर मागं झोपलं होतं, त्याला काय कळणार. आईनं तेच धरलं. मीही.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. माझा मुलगा, कारखान्यातली रात्रपाळी आणि वर जादा तास उरकून थेट आलेला. डोळे तांबडेलाल.

"बाबा, पोरांना मीच आणतो. गाडी द्या तुमची, स्क्रीन बघायची घाई झालीय त्यांना."

"आधी दोन तास झोप."

"रस्ता तो केवढा! आणि मागं पोरांचा कालवा नाही, म्हणजे निवांतच की."

तो आत तोंड धुतोय. नळ वाजतोय. किल्ली मी मुठीत धरलीय, आणि देणार नाही. चिडेल, म्हणेल बाबांचं काहीतरी भलतंच. तेव्हा त्याला कारण सांगावं लागेल. हा कागद तुमच्यापर्यंत पोचवता येत नाही, पण मुलगा तर दाराशी येऊन उभा राहिलाय. त्याला सांगेन, तुझे आजोबा गेले तेव्हा मी झोपलो नव्हतो; हे साठ वर्षांत मी कुणालाच बोललो नाही, भाऊ. रुसलो होतो.