नथू कसा पडला

लिहून ठेवते मी, कमळ काळूराम वेखंडे, राहणार शेणवा, तालुका शहापूर, की माझे डोके ठिकाणावर आहे. ते फिरले असल्याचे आजवर फक्त धाकटे दीर नथू यांनीच सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

कलम १. राहते घर मुलगा हरेश यास. मात्र पडवीकडची खोली जाऊ लहानी हिची, ती आहे तोवर. याचे कारण लिहिणे भाग आहे.

शेताच्या पाण्यावरून भांडण झाले, तेव्हा नथू भाऊजी बांधावरून खाली दगडावर पडले. डोके फुटले. वहिनीने मुसळाने मारले, अशी त्यांनी फिर्याद दिली. घरातले मुसळ जप्त झाले आणि मी आरोपी झाले. कोर्टात आरोप वाचून साहेबांनी विचारले, गुन्हा कबूल आहे का. मी म्हणाले, "नाय मारलं सायेब. पण मनात व्हतं." माझे वकील जोरात खोकले. साहेबांनी 'कबूल नाही' एवढेच उतरवून घेतले.

लहानी सरकारी साक्षीदार होती, नवऱ्याने पढवलेली. शपथ घेतल्यावर ती माझ्याकडे बघेना. नवऱ्याला कोणी मारले, असे सरकारी वकिलांनी विचारले. ती हळूच म्हणाली, "कोणी नाय. पिऊन आलते, पडले." वकिलांनी तिला फितूर ठरवून बरेच उलटसुलट विचारले. ती हलली नाही. मी सुटले, पण 'संशयाचा फायदा' देऊन. असला फायदा मी मागितला नव्हता, हे इथे नोंदवते.

त्या संध्याकाळी भाऊजींनी तिला घरात घेतले नाही. ती माझ्याकडे आली ती राहिलीच. काही दिवस स्वतःच्या हातचा करपलेला भात खाऊन भाऊजीही आमच्याकडे जेवायला येऊ लागले. वाढते लहानी. बोलत नाही.

कलम २. मुसळ कोर्टाने परत दिले आहे. ते सून सरिता हिला. कांडायला वापरावे, पाहुण्यांना दाखवू नये.

कलम ३. भातखाचरे हरेशची. माझ्यामागे पाणी आधी भाऊजींच्या शेतात सोडावे. मी जिवंत आहे तोवर नाही.

कलम ४. लहानीला जो फितूर म्हणेल, त्याला माझ्या तेराव्याचे जेवण वाढू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, पटले, म्हणून सही केली.

ठिकाण: शहापूर. तारीख: ३ फेब्रुवारी २०२५.
सही: कमळ काळूराम वेखंडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. मीना हिराजी पष्टे
२. नथू गोमा वेखंडे. वकील म्हणाले, फक्त सही करा, मजकुराशी तुमचा संबंध नाही. तरी वाचला. लहानीने कोर्टात सांगितले ते खरे आहे.