डब्याचा सीन

उमरखेड,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप कोकिळाताईस,

मालीचा शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? कापसाची वेचणी कुठवर आली? येताना एसटीतून तूर बघितली. यंदा चांगली लागलेली दिसते.

पत्र बघून तुला हसू येईल. शाळेत माझे निबंध तू लिहून द्यायचीस आणि आता मी तुला पानंच्या पानं लिहायला बसले आहे. पण फोनवर तू 'बरं हाय, हे घे, सुरभीसंग बोल' म्हणतेस आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं. दहा वर्षं आपण दोघी एवढंच बोलत आलोय. हे पत्र सुरभीच्या हाती देते आहे, पण तिला वाचायला लावू नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

उद्या इथं माझा सत्कार आहे, हे तुला कळलंच असेल. तुझी लेक सुरभी काल लॉजवर आली ती नाचतच. म्हणते, "मावशी, आमी आईले पयल्या खुर्चीवर बसवतो अन् मोठ्या पडद्यावर तुह्या डब्याचा सीन लावतो. सारं उमरखेड रडन, पाह्यजो तू!" मी म्हटलं, तो सीन नको, दुसरं काहीतरी लाव. ती म्हणाली, "काहून? त्याच्यासाठीच त लोक तुले वळखतात!"

खरं आहे. एकेचाळीस वर्षं काम केलं आणि उरला तो एक सीन. एकोणतिसाव्या वर्षी मेकअपवाल्यानं माझ्या केसांना पहिल्यांदा पांढरं लावलं, ते पुढं कधी उतरलंच नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या हिरोची मी आई झाले. मोलकरीण झाले, खाष्ट सासू झाले, देवळाबाहेर बसणारी म्हातारी झाले. तीन सिनेमांत तर मी नुसती भिंतीवरच्या हारातल्या फोटोत होते. भाऊजी म्हणाले होते, "मालूबाई, ना बोलणं ना चालणं, असं काम असन त आमाले बी लावून द्या!" किती हसलो होतो आपण.

अभिनय मी कुठं शिकले नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? माझी शाळा म्हणजे ढाणकीचा बाजार. कमरेवर हात ठेवून भाव सांगणारी लालीबाई मी चार सिनेमांत केली. तू ते बघून लोळायचीस. "माले, लालीले समजलं त वांगे फेकून मारन तुले!" कोणाचं चालणं, कोणाचं खोकणं, कोणाचा पदर खोचणं, सगळं मी वहीत लिहून ठेवायची. ही आमच्या धंद्याची खोड आहे, ताई. लग्नाला जा की मयतीला जा, डोळा आपलं काम करत राहतो. त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. मी त्याला थांबवलंही नाही.

आता लिहिते. किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार?

तुझा कपिल गेला तेव्हा मी दिवाळीला तुझ्याकडे आले होते. शेतात मोटरचा शॉक लागला आणि दुपारी तुमचा गडी उकंडा त्याला ट्रॅक्टरवर घेऊन आला. अंगणात बायकांचा आक्रोश सुरू झाला. तू रडली नाहीस. उकंडाच्या हातातून जेवणाचा डबा घेतलास आणि सरळ स्वयंपाकघरात गेलीस. तुझ्या मागोमाग मी गेले. तिथं आपण दोघीच होतो. डब्यात अर्धी भाकर होती आणि वांग्याची भाजी जवळजवळ तशीच. घरात मयत असताना तू घास तोडलास, भाजीला लावलास आणि खाल्लास. सावकाश चावलास. मग म्हणालीस, "मीठ कमी पडलं वं, माले. भाजी चवदार असती त पुरी खात बसला असता. लाईन आली तरी उठला नसता."

पुढं दहा महिन्यांनी सिरीयलमध्ये माझा मुलगा मरायचा होता. कागदावर लिहिलं होतं, 'आई हंबरडा फोडते.' मी डायरेक्टरला म्हटलं, मी रडत नाही, मला एक डबा द्या.

एका टेकमध्ये ओके झाला. कॅमेरामन डोळे पुसत होता. तुझी बसण्याची पद्धत, घास तोडताना थरथरणारं ते एक बोट, मिठाचं वाक्य, मी काही सोडलं नाही. बक्षीस मिळालं. मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणाले, "सेटवरच सुचलं, देवानं दिलं."

तो सीन तू घरी सगळ्या शेजारणींबरोबर बघितलास. मध्येच उठून गोठ्यात गेलीस. सुरभीनं मला कौतुकानं सांगितलं, "आईले तुह्यं काम पाहून रडू आवरलं नाही." तिला काय माहीत? कपिल गेला त्या दुपारी ती होस्टेलवरून पोचलीही नव्हती. गल्लीतल्या बाया तुझ्यासमोर माझी तारीफ करायच्या आणि तू ऐकून घ्यायचीस. एका शब्दानं तू कोणाला काही सांगितलं नाहीस. मला फार लाज वाटते, ताई.

इतकी वर्षं मी समजत होते की तू त्या सीनसाठी रुसलीस. चूक कबूल करायची तर एवढीच, असं मी मनाशी धरलं होतं. पण काल सुरभीनं तुझ्या हातची वांग्याची भाजी आणली. डबा उघडायच्या आधीच म्हणाली, "मावशी, पाणी घेऊन बस. आई मीठ दोन-दोन डाव टाकते. अकरा वर्षं झाले, आमी खारटच खाऊन राह्यलो. बाबाचं बीपी वाढलं तरी आयकत नाही."

ती हसत होती. मी एक घास खाल्ला आणि डबा झाकला.

ताई, त्या दिवशी मिठाचं बोलून तू थांबली नव्हतीस. तू एक घास माझ्या तोंडाशी धरलास. "तू पाह्य ना. कमी हाय ना?" मी खाल्ला आणि म्हणाले, "हो, कमी आहे."

ते खोटं होतं. मीठ बरोबर होतं. तुझी भाजी नेहमी असायची तशीच होती.

तुझं मन राखायला मी हो म्हटलं, असं लिहिता आलं असतं. पण तसं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर तू मोडून पडली असतीस, ढसाढसा रडली असतीस, जशा सगळ्या आया रडतात तशी. आणि मला ते नको होतं. तू जे करत होतीस ते मला पुढं बघायचं होतं. तुझा मुलगा अंगणात होता आणि तुझी सख्खी बहीण तिथं उभी राहून तुझ्यात पार्ट शोधत होती. मला काय म्हणायचं ते म्हण.

आणखी एक. मी बाहेर आल्यावर उकंडा अंगणात मला म्हणाला होता, "कपिलभाऊ जेवून राह्यलते. लाईन आली तसे उठले. डबा झाकला, कुत्रं येईन म्हणून वर गोटा ठेवला, हात धुतले अन् ओल्या हातानंच मोटर लावाले गेले." ऐकतेस का, ताई? त्यानं डब्यावर गोटा ठेवला होता. तो परत येऊन जेवणार होता. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि तुला सांगितलं नाही.

सुरभीला मी निक्षून सांगितलं आहे, तो सीन लागला तर मी स्टेजवर चढणार नाही. तू कार्यक्रमाला येऊ नकोस. कोणी विचारलं, सुचलं कसं, तर म्हणेन, ते माझं नव्हतं. कोणाचं, ते तू सांगशील तरच सांगेन.

परवा सकाळच्या गाडीनं मी ढाणकीला येते. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसेन, तुझ्या मनाला येईल तोवर. आणि घरात घेतलंस तर वांग्याची भाजी कर. तुझ्या हाताला येईल तेवढंच मीठ टाक, आणि मग मला एकदा विचार.

तुझ्या घासाला खोटं बोललेली,
माली