सालीसकट

सौ. बाईसाहेबांस, दुरूनच पण वाकून नमस्कार.

अहं कुशली, म्हणजे मी मजेत. खालच्या फळवालीने कुमक्वाट दिले. नाव असुराचं, आकार बोराएवढा. मी संत्र्यासारखे सोलू लागलो, तर ती हसली. "अहो गुरुजी, सालीसकट खायचं. गोडवा सालीतच, सत्त्वही."

बाहेर चार दिवस टिकतात, फ्रिजमध्ये तीन आठवडे. तुझ्या गाठीचा रिपोर्ट पंधरा दिवसांत येणार ना? म्हणून डबाभर तुझ्यासाठी ठेवलेत. रोज उघडून बघतो. फळं ठीक आहेत.

दवाखान्यात धाकट्या लेकीला सोबत नेशील ना?

मागच्या वेळी "काही नाही हो" म्हणालीस आणि खरं काय ते महिन्याने वन्संकडून कळलं, म्हणजे माझ्याच बहिणीकडून. या वेळी सोलून सांगू नकोस. सालीसकट सांग.

तुझाच,
मुळीच न घाबरलेला