करुणाची दुसरी वही

सौंसर
ता. १२ जानेवारी २०२५

चि. करुणा हीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

इथे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि टीव्ही. तू म्हणशील, दादाला फोन करता येत नाही काय? एकोणतीस वर्षे लोकांची पत्रे वाटली, आता स्वतःची लिहून पाहून राहिलो. शिवाय तुमच्या चिंचढान्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. तिथे उभी राहून तू अर्धा शब्द बोलतेस आणि उरलेला हवेत जातो. पत्र पूर्ण पोचते.

बातमी अशी की सुप्रियाला पाचवा महिना लागला. तिकडे काटोलला जावईबापू कुणाल फार आनंदात आहेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी तिकडची मंडळी म्हणतात आणि रीतही तीच आहे. पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. पुष्पा असती तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. माझ्या हातची खिचडी खाऊन कोणी बाळंतीण उठली असे ऐकिवात नाही. सौंसरला मोठा दवाखाना आहे, पण पोट्टी ऐकत नाही. म्हणते, आत्याच्या हातूनच. तेव्हा तुझे दवाखान्याचे क्वार्टर हेच तिचे माहेर समज. मार्चमध्ये आणून सोडतो. तारीख सहा जूनची आहे.

नाही म्हणू नकोस. दादावरची माया आहे तेवढी ठेव.

तुझा दादा,
उत्तम


चिंचढाना
ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. किती शुद्ध लिहितो रे! अधिवेशनाचं निमंत्रण आलं असं वाटलं मले. सुप्रियाचं बाळंतपण करायले पत्र कायले पाहिजे होतं? ती माझीच पोट्टी आहे. वहिनी गेल्यावर तिच्या लग्नात तिची वेणी कोणी घातली, विसरला काय? मार्चमध्ये आण. खाट मी आताच धुवून ठेवली.

इथं काम लय आहे. मागच्या महिन्यात तेरा बाळंतपणं झाली. त्यातली चार गावातल्याच सुनांची, आणि नऊ लेकी, सीमेपलीकडं महाराष्ट्रात नरखेड-काटोलकडं दिलेल्या, ज्या पहिलटकरीण म्हणून आईकडं आल्या. आपल्या सुना तिकडं जातात, तिकडच्या लेकी इथं येतात. माझा पाळणा काही रिकामा राहत नाही. बाळंतपणाचं नवं टेबल आलं, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, गाडी दारात उभी असते. सतरा वर्षांत पहिल्यांदा दवाखाना दवाखान्यासारखा दिसून राहिला.

परवा पांढुर्ण्याले मीटिंग होती. यंदाच्या बजेटमध्ये म्हणे असं ठरून राहिलं की जिथं महिन्याले दहापेक्षा कमी बाळंतपणं होतात, तिथली बाळंतपणाची खोली बंद, आणि माणसं, सामान, गाडी मोठ्या ठिकाणी. बाकीच्या सिस्टरबाया तोंड पाडून बसल्या होत्या. मी मात्र चिवडा खाऊन आली. आपल्याले काय भेव!

संत्री पाठवून राहिली. आंबट निघाली तर मले नाव ठेवू नको, झाडाले ठेव. आठवण राहू दे.

तुझी,
करुणा


सौंसर
ता. २२ मार्च

चि. करुणा हीस,
अ. आ. व जय भीम. वि. वि.

सुप्रियाला तुझ्याकडे सोडून आठच दिवस झाले आणि घर खायला उठते. ती तुझ्याकडे सुखात असेल. तिला चिंच देऊ नकोस फार, तिचे दात लहानपणापासून आंबतात.

हे पत्र रागात लिहितो आहे. बजेट झाले. कालच्या पेपरात बंद होणाऱ्या केंद्रांची यादी आली. अठ्ठावीस नावे. सतरावे चिंचढाना. समोर लिहिले आहे, महिन्याला सरासरी चार. मी चष्मा पुसून तीनदा वाचले. चार? तू तेरा लिहिले होतेस. बाकीचे नऊ कोणी खाल्ले? मी तसाच उठून इथल्या आमदाराच्या ऑफिसला गेलो. तिथल्या माणसाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितले की आकडे पोर्टलचे आहेत, पोर्टल भोपाळचे आहे. शिक्का बाकी छान उमटला होता. इतका स्वच्छ शिक्का आमच्या पोस्टात कधी पडला नाही.

तू खरे आकडे घेऊन वरच्या साहेबाला भेट. चूक त्यांची आहे, आपण कशाला दबायचे? उत्तर लगेच लिही. लोभ आहेच, तो काही सांगत नाही.

तुझा दादा,
उत्तम


चिंचढाना
ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. जय भीम. वि. वि.

सुप्रिया मजेत आहे. दिवसभर ओसरीवर बसून बाळाचे मोजे विणते. एक मोजा झाला, दुसरा त्यापेक्षा दुप्पट मोठा होऊन राहिला. मी म्हटलं, बाळाचा एक पाय तुह्या बापावर जाईल. खूप हसली.

दादा, ते नऊ कोणी खाल्ले नाहीत. ते मीच लिहिले नाहीत.

तुले आपल्या सागरचं आठवते? वहिनी बाळंतपणाले नरखेडले गेली, पोरगा तिकडं जन्मला. मग कॉलेजच्या वेळी जातीचा दाखला काढाले गेला तर इथले म्हणे, तू महाराष्ट्रात जन्मला, तिकडून आण. तिकडचे म्हणे, बाप मध्यप्रदेशचा, तिकडून आण. दोन वर्षं पोरगा तुह्या सायकलवर बसून दोन राज्यांत फिरला आणि शेवटी ॲडमिशन गेलीच. तवा तू माह्या ओसरीवर बसून म्हणाला होता, करुणा, तू तरी लेकरू जिथं राहील तिथलं गाव लिहीत जा.

मी तेच केलं. लेकी इथं येतात, बाळंत होतात, पण जन्म सासरच्या गावी झाला असं लिहून मी तिकडच्या मालतीले, ती आशा कार्यकर्ती आहे, चिठ्ठी देते. ती तिकडं घरची बाळंतपणं म्हणून चढवते. सरकारच्या रजिस्टरात त्या लेकी नाहीत, पोर्टलवर नाहीत. माह्यापाशी फक्त एक वही आहे, दुसरी. तिच्यात सगळं खरं आहे, तारीख, वेळ, वजन, खरी जागा. पहिले महिन्याले दोन-दोनच असायची, या दोन वर्षांत नऊ-नऊ झाली. आज मोजली. तिच्यात सहाशे बारा लेकरं आहेत.

चांगलं काम करून राहिली असं वाटत होतं रे. खोटं लिहिते हे कधी मनातच आलं नाही. आता काय करू ते तू सांग. तूच मोठा आहे.

करुणा


सौंसर
ता. ५ एप्रिल

चि. करुणा हीस,
अ. आ. व जय भीम. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. मीच बोललो होतो, हे मला आठवते. तुझी ओसरी, तुझा चहा, सागरचे उतरलेले तोंड, सगळे आठवते.

पहिल्यांदा वाटले, वही दाखव. सहाशे बारा म्हणजे केंद्र वाचते, टेबल वाचते, गाडी वाचते, सुप्रियाचे सोपे होते. तसे लिहायलाही बसलो. अर्धे पान झाल्यावर दुसरे लक्षात आले. वही दाखवली की त्या सहाशे बारा लेकरांचे दाखले खोटे ठरतात. सागरला झाले ते एकाला झाले होते. आणि तुझी नोकरी तर जाईलच. मी ते पान फाडले.

मग वाटले, दाखवू नकोस. तेही लिहून फाडले. नोकरीत असताना कुठलेही पत्र कोणाचे ते पत्ता वाचून कळायचे, हे मात्र कोणाला द्यावे ते कळत नाही. मोठा असूनही मला सांगता येत नाही, याची लाज वाटते. तुला जे वाटेल ते कर. मी काही म्हणणार नाही.

सुप्रियाला इकडे आणू का? सौंसरच्या दवाखान्यात नाव घालून ठेवतो.

माझ्यावर रागावू नकोस, एवढी माया असू दे.

उत्तम


चिंचढाना
ता. २ मे

ती. दादास,
सा. जय भीम. वि. वि.

मी साहेबाले भेटली. वही पिशवीत होती, वरून टॉवेल टाकला होता. साहेब माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, बाई, मले माहीत आहे तुम्ही काम करता, पण मले कागद द्या, मी भोपाळले पाठवतो. मी पिशवीत हात घातला. वहीचं पहिलं पान उघडलं ते काटोलले दिलेल्या आपल्या गावच्या दीपालीच्या पोराचं. सतरा वर्षांपूर्वीचा, माह्या हातचा पहिला. आता बारावीत आहे आणि दाखल्यावरच त्याची स्कॉलरशिप आहे. मी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि कागद नाही म्हणून सांगितलं.

काल खोली बंद झाली. टेबल टेम्पोत चढवताना एक पाय वाकला. सिलिंडर गेला, गाडी गेली. शांताबाई झाडूवाली दाराशी बसून रडली, मले रडायलेही सुचलं नाही. माझी ड्यूटी आता मोहगावले. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. क्वार्टर अजून राहू दिलं आहे.

सुप्रियाले बापाकडं जा म्हटलं तर हट्टानं बसली. म्हणते, टेबल गेलं तर काय झालं, आत्या तर इथंच आहे. मलेही तिले पाठवावंसं वाटलं नाही, खरं सांगते. वीस मेले तिले पांढुर्ण्याले भरती करते, पंधरा दिवस आधीच. तवापर्यंत मी आहे ना. काळजी करू नको. जीव लावतो तसाच लावत राहा.

करुणा


चिंचढाना
ता. २७ मे

ती. दादास,
जय भीम.

तुले सगळं माहीत आहे. दवाखान्यात आपण दोघं एका बाकावर बसलो होतो. तुह्याकडं पाहायची हिंमत नव्हती म्हणून लिहून राहिली.

चौदा तारखेले मी बसनं गेल्यावर अर्ध्या तासानं तिले कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. शांताबाई टाकीखाली जाऊन मले फोन लावत होती, मी मोहगावले वार्डात होती. मग तिनं १०८ ले लावला. गाडी आता मोठ्या ठिकाणी असते, तिथून याले सव्वा तास लागला. पोरगी तिगावच्या अलीकडं रस्त्यातच जन्मली. नाळ गळ्याभोवती होती, दोन वेढे. दादा, असे वेढे मी दोन बोटांनी किती वेळा सोडवले याचा हिशेब नाही. वहीत खूण करते मी त्यांची, छोटा गोल. एकतीस गोल आहेत. सगळे जिवंत आहेत.

सुप्रिया वाचली, हे मी रोज स्वतःले सांगते.

नोंद माह्याकडंच आली, कारण तिगावच्या रस्त्याची हद्द अजून माह्याकडंच आहे. यावेळी मी मालतीले चिठ्ठी दिली नाही. पोरगी जगली असती तर गाव सासरचं लिहिलं असतं. म्हणून सगळं खरं लिहिलं. आईचं सासर, माहेर, जन्माची जागा तिगाव रस्ता, मृत. पोर्टलनं लगेच घेतलं. सतरा वर्षांत तिकडं दिलेल्या लेकीचं बाळंतपण सरकारनं मोजलं ते हे एकच.

तू मले काही म्हण. गप्प राहू नको.

करुणा


सौंसर
ता. ४ जून

चि. करुणा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काय म्हणू? तुला म्हणायला गेलो तर ते परत माझ्याच पत्त्यावर येते. तू ते मनातून काढ.

सुप्रिया इथे आहे. कुणाल येऊन जातो. ती थोडे जेवते. ते दोन मोजे उशाखाली ठेवते, लहान आणि मोठा. मी काढून ठेवले नाहीत.

काल सकाळी तिने मला विचारले, आत्याच्या वहीत माझी पोरगी आहे काय? मी म्हटले, ती सरकारच्या रजिस्टरात आहे. तर म्हणाली, "तिथं नको बाबा. आत्याच्या वहीत लिहायले सांगा, बाकीच्या लेकरांसोबत."

तेव्हा लिही. सहाशे तेरावी. नाव प्रज्ञा, तिने आधीच ठरवले होते. तारीख चौदा मे. त्या वहीत आजवर तू एकही खोटे लिहिले नाहीस हे मला माहीत आहे, तरी मोठा भाऊ म्हणून सांगतो, जागा मात्र चिंचढान्याची खोली लिही. आणि पुढे छोटा गोल कर.

रविवारी ये. खिचडी मी करीन. आपल्या दोघांत आहे ते तसेच राहो.

तुझा दादा,
उत्तम