बार्बाडोसचं आमंत्रण

४ नोव्हेंबर २०२१, गुरुवार. न्युरेम्बर्ग
लक्ष्मीपूजन एकट्याने उरकलं. मोहन जास्त झालं, चकल्या तेलात विरघळल्या. शेव बरी. नंदा असती तर म्हणाली असती, "इंजिनियर म्हणे!" तिला जाऊन सहावं वर्ष. नेकारसुल्महून लेकीचा, इराचा फोन. इराला मी मराठीत विचारतो, उत्तर जर्मनमध्ये येतं. चालायचंच.

फराळाचा डबा वरच्या मजल्यावर ग्लोरियाकडे दिला. आख्खा जन्म इथे इंग्रजी शिकवण्यात घालवून बाई यंदा रिटायर झाली. मूळची बार्बाडोसची. जर्मन नवरा कधीच सोडून गेला. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "या तीस तारखेला आम्ही राणीला निरोप देतोय. प्रजासत्ताक!" इतकी खूश तिला कधी बघितली नव्हती. बावीसला निघणार म्हणे. परत कधी येणार, ते विचारायला तोंड उघडलं आणि "शेव तिखट आहे हं" असं काहीतरी बोललो.

७ नोव्हेंबर, रविवार
ग्लो. डबा घेऊन आली. रिकामा आणत नाही, तिच्या आईचीही तीच शिकवण. आत काँकी: मक्याचं पीठ, नारळ, भोपळा, केळीच्या पानात बांधून उकडलेलं. आपल्या पानगीची चुलत बहीण. त्यांच्याकडे नोव्हेंबरात स्वातंत्र्यदिनाला करतात. तीन खाल्ल्या.

तिची आई नव्वदीच्या पुढे, राणीच्याच वयाची आणि राणीची कट्टर भक्त. घरात येशूशेजारी राणीचा फोटो. म्हणते, "त्या बाईने तुमचं काय वाकडं केलंय?" सध्या मुलीशी फोनवर बोलत नाही. ग्लो. हसत सांगत होती, पण कपाशी चाळा चालला होता.

मी आपलं २६ जानेवारीचं पुराण लावलं. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, थंडीत कुडकुडत संचलन, नंतर जिलबी. ऐकता ऐकता मधेच म्हणाली, "तू चल ना माझ्याबरोबर. तुमचं प्रजासत्ताक तुझ्या जन्माआधी होऊन गेलं. एक होताना तरी बघ. भावाकडे खोली आहे."

मी म्हणालो, "छे छे, नको. उगीच कशाला तुम्हा सगळ्यांना त्रास!"
"शाडऽ," म्हणाली. म्हणजे जर्मनमध्ये 'वाईट वाटलं', एवढंच. आणि विषय बदलून आमच्या जिन्यातल्या दिव्यावर गेली.

८ नोव्हेंबर, सोम.
पुन्हा विचारेल. विचारेलच.
पहिल्या फटक्यात कोणी हो म्हणतं का? हावरट दिसतं. आधी "नको", मग "अहो, खरंच नको", मग "बरं, अर्धीच वाटी". सासरी श्रीखंड मी असंच खाल्लं, आयुष्यभर. वाढणाऱ्याला ठाऊक, खाणाऱ्याला ठाऊक.

ऑफिसात लक्ष नव्हतं. बार्बाडोसचा नकाशा काढून बसलो. एवढासा ठिपका. आमच्या तालुक्याएवढासुद्धा नसेल.

११ नोव्हेंबर, गुरु.
जिन्यात भेटली. मी आडून विचारलं, "तिकडे या दिवसांत हवा कशी असते?" म्हटलं आता तरी धागा पकडेल. संध्याकाळी तिने हवामानाची लिंक पाठवली. पुढच्या दहा दिवसांचं तापमान, वाऱ्याचा वेग, सगळं. कपाळ माझं.

१४ नोव्हेंबर, रवि.
बाहेर राखाडी. चार वाजताच अंधारल्यासारखं.
वर तिच्या पावलांचा आवाज. सामान भरतेय. कपाटाचं दार वाजतं, मग बराच वेळ काही नाही, मग चाकांची बॅग जमिनीवरून सरकते. मी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसलो होतो, हे इथे लिहितानाही लाज वाटते. पण ऐकत होतो. ती गेल्यावर छत मुकं होणार.

आधी दोन वर्षं आमचं अहोजाहो चाललं होतं. मग पहिल्या लॉकडाउनमध्ये मी तिची बिघडलेली इस्त्री दुरुस्त केली आणि त्या दिवसापासून तू. नंदानंतर मला तू म्हणणारं या शहरात दुसरं कोणी नाही.

१७ नोव्हेंबर, बुध.
इराला फोनवर सांगितलं. आधी हसली. मग गंभीर होऊन, "पापा, तुम्ही 'नाही' का म्हणालात?"
"अगं, तसं म्हणतात."
"मग तिने काय समजायचं?"
"अजून एकदा विचारायचं!"
"इथे नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारणं उद्धटपणा आहे. तुमचे लसीचे दोन्ही डोस झालेत, सुट्टी साठलीय, तुम्हाला जायचंय. मग वरती जाऊन सांगा."
हे सगळं जर्मनमध्ये. तिच्यासाठी सोपं आहे. ती या देशात "हो, मला हवंय" म्हणायला बालवाडीत शिकली. मी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलो. तिथून खाली आलो, चपला घालून कचरा टाकून आलो.

२० नोव्हेंबर, शनि.
ख्रिसमसचा बाजार यंदाही रद्द. ग्लो. म्हणाली, "बरं झालं, म्हणजे माझं काही चुकणार नाही." म्हणजे डिसेंबरातही नाही. जानेवारी? विचारलं नाही. तिने आपण होऊन सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, सोम.
स्टेशनवर बॅग मी नेली. फलाटावर वारा असा की बोलायची सोय नाही. निघण्याआधी तिच्या हातावर दही-साखर ठेवायला छोट्या डबीतून घेऊन गेलो होतो. मास्क खाली करून तिने तिथेच खाल्लं, बोटं चाटून. मग अगदी सहज म्हणाली, "भावाने तुझ्यासाठी खोलीला रंग देऊन ठेवला होता. मी तुला विचारायच्या आधीच. असो, आईचे पाहुणे राहतील तिथे."

गाडी आली. मी हात हलवला. मूर्खासारखा हलवतच राहिलो.
रंग कुठला दिला असेल?

२६ नोव्हेंबर, शुक्र.
काही नाही. पोचल्याचा मेसेज तेवढा आला. समुद्राचा फोटो. त्यात ती नाही.
जेवण एका पातेल्यात, उभ्याने.

३० नोव्हेंबर, मंगळ.
त्यांची मध्यरात्र म्हणजे आमची पहाट. पाचला उठून लॅपटॉप लावला. खिडकीबाहेर हिमकण, पडद्यावर घामाघूम बँडवाले. राणीचा मुलगा स्वतः हजर. त्याच्या डोळ्यांदेखत राणीचं निशाण खाली आलं. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणाला शिव्या नाहीत. नीट घडी घालून ठेवलं, सणाची चादर ठेवावी तसं. मग तोफा, नवी राष्ट्रपती, राष्ट्रगीत.

आणि मी गर्दीत ग्लो.ला शोधतोय! कॅमेरा फिरला की पडद्यावर नाक टेकवून. एक पिवळा ड्रेस तिच्यासारखा वाटला. नव्हती.

आम्हाला हे आयतं मिळालं. बूट पांढरे केले आणि जिलबी खाल्ली, संपलं. आज पहिल्यांदा कळलं की हे कुठल्या तरी एका रात्री खरोखर घडावं लागतं, आणि लोक नवे कपडे घालून तिथे उभे असतात. मला तिथे असायला हवं होतं. तिच्या शेजारी. भडभडून आलं अगदी. आठला टीम मीटिंग. कॅमेरा बंद ठेवला.

३ डिसेंबर, शुक्र.
तिचा लांबलचक व्हॉइस मेसेज. मागे कोंबडे, मोटारी, कोणाचं तरी हसणं. जपून ठेवलाय. आई त्या रात्री आपल्या खोलीत दार लावून बसली होती. सकाळी बाहेर आली, चहा मागितला. फोटो भिंतीवर तसाच आहे. त्याला हात लावायची कोणाची टाप नाही.

मग ग्लो. म्हणाली, "किती वर्षं आमच्याकडे नुसत्या समित्या, चर्चा, लोकांना विचारू, पुढच्या वर्षी विचारू. राणी काय स्वतःहून 'जा बाबांनो' म्हणणार होती? शेवटी आम्हीच सांगितलं, आम्ही निघालो. आणि गंमत म्हणजे तिने शुभेच्छा पाठवल्या."

परत येण्याबद्दल अवाक्षर नाही. मेसेज चारदा ऐकला.

५ डिसेंबर, रवि.
फोन केला. तिकडे सकाळ. आधी हवा, मग जिन्यातला दिवा (अजून बंद), मग एकदाचा बोललो. "ग्लोरिया, मला यायचंय."
"तू नाही म्हणालास."
"म्हणालो. पण मला यायचं होतं. तेव्हाही."
मग सगळं सांगितलं, श्रीखंडासकट. ती इतकी हसली की फोन दूर धरावा लागला. मग हसणं थांबलं. म्हणाली, "त्या दिवशी वर जाऊन मी रडले होते, माहीत आहे तुला? वाटलं, या वयात काय अवदसा आठवली मला."
हे मी हिला केलं. चांगुलपणा दाखवायला.

"आता ये ना मग," असं म्हणेल म्हणून थांबलो. ती म्हणाली, "भाऊ राहतो ते घर आईचं आहे. तिला विचारायला हवं. राणीच्या प्रकरणापासून ती माझं काही ऐकत नाही. उद्या सांगते."

८ डिसेंबर, बुध.
काल मेसेज आला. आईने प्रश्न पाठवलेत: हा माणूस चर्चला जातो का? मासे खातो का? आणि त्याच्या देशाने आमच्या राणीला का सोडलं?
पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही'. तिसऱ्याचं, तेव्हा मी जन्मलो नव्हतो, आजी. तिन्ही उत्तरं खरी खरी पाठवली. इरा म्हणाली, "मासे खाईन म्हणायचं होतंत!" खाईनही, देवा शपथ. पण आधी एकदा खोटं "नको" बोलून झालंय.

अख्ख्या बेटाने राणीला सोडलं आणि माझा अर्ज त्या म्हातारीच्या दरबारात. एकसष्टाव्या वर्षी पसंतीची वाट पाहतोय. अजून उत्तर नाही. तिकडे आता सकाळ झाली असेल, चहा झाला असेल, बाई आरामखुर्चीत बसून विचार करत असतील. करा म्हणावं. मला यायचंय. आज स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं, मराठीत, मग जर्मनमध्ये, मग ग्लो.च्या इंग्रजीत. सुट्टीचा अर्ज टाकला आहे.