हेस्टरच्या चित्रातले हात

मी जोसाया थ्रेलकेल्ड, वय वर्षे एकसष्ट, धंदा दुसऱ्याच्या चित्रातली वस्त्रे रंगवण्याचा, राहणार सोहो, लंडन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून लिहून ठेवतो. छातीने दगा दिला आहे, डोके ठिकाणावर आहे. मत्सर हा आजारात धरत असतील, तर मात्र मी सव्वीस वर्षे अंथरुणाला खिळलेलो आहे.

कलम १. राहते घर, चांदीचे चमचे व शिल्लक सर्व माझी पत्नी हेस्टर हिला. यात कोणी तोंड घालू नये.

कलम २. कुंचले व रंग घोटायची शिळा पुतण्या सायलस यास. ज्याला झगे चढवून मी रंगवतो, तो माणसाएवढा लाकडी बाहुलाही त्यालाच. त्याच्याकडून निदान एका जागी बसायला शिकावे.

कलम ३. सर अँब्रोज डेलमार यांना काही नाही. या गृहस्थाने जन्मभर नुसते चेहरे काढले. चेहरा वाळला की चित्र माझ्याकडे येई. साटिन, लेस, मोत्यांचे सर, हात, सगळे माझे. सही त्यांची. एखादी सरदारीण म्हणायची, "काय हो सर अँब्रोज, रेशीम कसं सळसळतंय!" आणि हे मान लववायचे. आयत्या बिळावर नागोबा!

कलम ४. हेस्टरचे चित्र. सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नाची भेट म्हणून सर अँब्रोजनी तिचा चेहरा काढला. डचेसला तीन बैठका पुरतात, माझ्या बायकोला नऊ लागल्या. चित्रात ती ज्या नजरेने पाहते, तशी माझ्याकडे कधी पाहिलेली मला आठवत नाही. म्हणून ते मी भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझ्यामागे ते जाळावे, असे येथे प्रथम लिहिले होते.

हेस्टरला वाचून दाखवले. ती म्हणाली, "जाळा खुशाल. पण अहो, आधी एकदा हात बघा."

"काय झालं हातांना? उत्तम आहेत."

"उत्तमच आहेत. माझे नाहीत."

चित्र फिरवून पाहिले. खरेच होते. धंद्याच्या सवयीने मी तिचा झगा बाहुल्याला चढवला होता आणि हात नमुना म्हणून रोजावर बसायला येणाऱ्या पेगीचे काढले होते. बायको तेव्हा खाली स्वयंपाकघरात होती.

शेवटी विचारलेच, "नऊ वेळा काय करत होतीस तिथं?"

"बसत होते. कुणीतरी माझ्याकडे बघतंय, हे आवडायचं. दुसरं काही नाही. तुम्ही एकदा 'बस' म्हणाला असतात, तर दहाव्यांदाही बसले असते."

मला फार लाज वाटली. जाळण्याचे वाक्य खोडले आहे. मत्सर खोडता आलेला नाही.

आठवडा झाला, हेस्टर खिडकीशी बसते आणि मी जुने हात खरवडून नवे काढतो. सत्तावन्न वर्षांचे हात आहेत, पेरे सुजलेली, अंगठ्यावर सुरीचा वण.

"तरुण तोंडाखाली असले हात! लोक हसतील हो."

"हसू देत. तू हलू नकोस."

डावा हात झाला आहे. चित्र हेस्टरचे. उजवा माझ्याकडून पुरा झाला नाही, तर तो अपुराच राहू द्यावा. सर अँब्रोज गळा काढत आले तरी त्यांच्या हाती कुंचला देऊ नये.

खाडाखोड माझीच आहे.

जोसाया थ्रेलकेल्ड

आमच्यासमक्ष सही केली:
ऑबडाया क्रिस्प, चौकटी करणारा
लिडिया फ्रोम, शेजारीण

सोहो, लंडन. १४ मार्च १७७२